वॉचमन दोनदा पडतो

७ जानेवारी
...नळाला पाणी आलं होतं, मी हंडे भरत होते. पीठ मळून ठेवलेलं. हे गोदामावर वॉचमन, रात्रपाळी करून आले की गरम भाकरी लागायची. त्या सकाळी हे आले नाहीत, गोदामावरचा माणूस आला. दरोडेखोरांनी वॉचमनच्या डोक्यात रॉड घातला म्हणाला.
आज पुन्हा आठवलं ते सुमेधमुळे. पोराला संगीत नाटकात काम मिळालंय. काम कसलं, तर वॉचमनचं.

९ जानेवारी
तालीम पाहिली. नाटकातला दरोडेखोर देखणा, गळा गोड. मंत्री त्याच्या खिशात, फौजदार त्याचा व्याही. चिमटे बरोबर काढलेत, मीपण हसले. मग तो गात गात वॉचमनच्या डोक्यात सोटा घालतो. सुमेध गरकन फिरून पडला. हसत असलेली मी तशीच...
घरी म्हटलं, "दुसरं काम माग की."
"आई, विडंबन हाय ते. खरे चोर कोण, तेच दाखवलंय."
"आणि वॉचमन कोण?"
तो उठून आत गेला. वडिलांचं त्याने तिथं कुणालाच सांगितलेलं नाही. कीव नको म्हणतो.

१६ जानेवारी
पहिला प्रयोग. त्याच गाण्याला वन्स मोअर. म्हणजे गाणं पुन्हा, म्हणजे वॉचमनने उठून पुन्हा मार खायचा. सुमेध उठला, टोपी घातली, पुन्हा पडला. शेजारची बाई म्हणाली, "काय गोड दिसतोय मेला दरोडेखोर!"
सुमेधला म्हटलं, "एकदा पडलास, बास. पुढच्या वेळी उठू नकोस."
"लोकांना लई आवडतं गं ते."
न जेवता झोपला.

२३ जानेवारी
दुसरा प्रयोग. वन्स मोअर आलाच. सुमेध उठला नाही. दरोडेखोर गाता गाता पायाने ढोसतोय, "ऊठ की लेका, पब्लिक खोळंबलंय!" हा हलेना. मला वाटलं, आता तरी लोक गप्प होतील. लोक पोट धरधरून हसले. मागच्यापेक्षा जास्त.
पडदा पडल्यावर दिग्दर्शकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "झकास रे! आता हेच कायम ठेवायचं." सुमेध माझ्याकडे बघत होता. मी त्याची टोपी उचलून झटकली.

२४ जानेवारी
सकाळी दिग्दर्शकाच्या घरी गेले. सुमेधला विचारलं नाही. त्यांची बायको चहा ठेवते म्हणाली, नको म्हटलं. उभ्या उभ्याच दिग्दर्शकाला यांचं, त्या गोदामाचं, सुमेधने लपवलेलं सगळं सांगितलं.