बिनसाखरेचा मुरंबा

लिहून ठेवणार : सौ. हेमा मार्तंड बोरीकर, वय ६७, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार परभणी. शरीर थकले असले तरी माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाकदपटशा केलेला नाही, मला धाक घालणारा अजून जन्मायचा आहे. माझ्या पश्चात तंटा नको म्हणून राजीखुशीने ही व्यवस्था करून ठेवते, ती अशी :

१. राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या नावे आहेत. ती दोन्ही यजमान श्री. मार्तंड यांच्याकडे त्यांच्या हयातीपर्यंत व नंतर चिरंजीव वरद याच्याकडे जावीत. वरदने वडिलांना पुण्याला नेण्याचा हट्ट धरू नये. त्यांना तिथे करमत नाही.

२. सूक्ष्मदर्शक व पुस्तके महाविद्यालयाला द्यावीत. श्रद्धाला देऊ नयेत. श्रद्धा ही माझी विद्यार्थिनी. पेशी कशी पाहावी हे तिला मीच शिकवले. आता तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे, माझ्या जुन्यापान्या वस्तूंचे तिला काय अप्रूप!

३. अंगणातील कुंडीतले लाल फळांचे झाड. यजमानांना मधुमेह आणि जीभ पक्की गोडखाऊ, म्हणून हे मी केरळातून आणले. याचे एक फळ चघळले की त्यातले प्रथिन जिभेला धरून बसते आणि घटकाभर लिंबूसुद्धा गोड लागते. आपली काळी माती त्याला सोसत नाही. मी लाल माती मागवली, पावसाचे पाणी साठवून घातले. फळे धरायला वर्षे गेली आणि धरली ती ओंजळभर.

श्रद्धाने काय केले? त्याच प्रथिनाचे जनुक जिवाणूंत घातले आणि त्यांच्याकडून ते भांडेभर करून घेतले. मी विचारले, "माझ्या झाडाचं पान कधी नेलंस गं?" तर म्हणते, "पान कशाला लागतंय, मॅडम? जनुकाची अक्षरं माहीत आहेत, बनवून मागवलं." वा गं वा! तिची पहिली खेप फसली. प्रथिनाच्या नुसत्या गाठी झाल्या, चव काहीच नाही. त्या दिवशी मी शिरा केला आणि एकटीने खाल्ला, हे इथे नमूद करते.

दुसरी खेप साधली. पूड घेऊन ती घरीच आली. यजमानांनी चिमूटभर जिभेवर घोळवली, वर आंबट दही खाल्ले आणि खुर्चीतून उठलेच. "अगं, हे तर श्रीखंड! पोरी, जिंकलंस गं!" एवढा आनंद लग्नातही त्यांच्या तोंडावर नव्हता. माझा जळफळाट झाला. झाला तर झाला, आता कोणाची भीड?

झाड यजमानांकडे राहावे. वाळले तर वाळू द्यावे, पण श्रद्धाला त्याची फांदीही देऊ नये.

४. फ्रीजरमधली बरणी. श्रद्धाची पूड येण्याच्या आधीच्या मोसमात मी सगळी फळे बिनसाखरेच्या मुरंब्यात आटवली, वर्षभर पुरावीत म्हणून. उकळले की हे प्रथिन कामातून जाते. हे वर्गात शिकवणारी मी, पण हातात पळी आली आणि सगळे विसरले. यजमानांनी चमचाभर खाऊन वर लिंबू चोखले. डोळ्यांत पाणी तरळले, तरी म्हणाले, "लय गोड झालंय, हेमा." ते बाहेर गेल्यावर मी तसेच करून पाहिले. अगं बाई, दात आंबले! हिवाळाभर ते रोज खात राहिले. मीही रोज वाढत राहिले आणि उरलेले फ्रीजरमध्ये ठेवले.

श्रद्धाला ते खरे सांगतात. माझ्यासाठी मात्र दात आंबवून घेऊन खोटे बोलले.

सबब ही बरणी यजमानांची. दरवर्षी माझ्या तिथीला त्यांनी चमचाभर खावा, वर लिंबू चोखावे आणि तेच म्हणावे. त्या दिवशी श्रद्धाची पूड त्यांच्या जिभेला लागू देऊ नये. मला ते "गोड" खोटेच हवे आहे.

येणेप्रमाणे वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

सही : हेमा मार्तंड बोरीकर

साक्षीदार :
१. सूर्यभान लिंबाजी कदम, शेजारी (सही)
२. संघप्रिया वाघमारे, ग्रंथपाल (सही)

ठिकाण : परभणी
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५