मॉरीनच्या वाफ्यातला वास्तुपुरुष

वॉटरफोर्ड, १४ मार्च २०२१

प्रिय वृंदाअक्का,

इथूनच तुझ्या पाया पडते. गुडघे कसे आहेत? गोळ्या घे, नुसती शेकत बसू नकोस. इथं सगळे बरे, मी सोडून. रेवाच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी आले ती करोनापायी वर्षभर अडकलेय. फोनवर हे सांगता येत नाही, लेक-जावई चोवीस तास घरात. म्हणून चौथी शिकलेली बाई कागद काळे करतेय.

तर शैलेंद्रनं, म्हणजे आमच्या जावयानं, यंत्र घेतलं. लांब दांडा, खाली ताटली. जमिनीत धातू असला की केकाटतं. या गल्लीतली घरं दीडशे वर्षांची, म्हणून जुनी नाणी निघणार म्हणे. पाच किलोमीटरबाहेर जायला बंदी, मग पठ्ठ्या आमच्याच परसात (म्हणजे मी लावलेल्या लसणात). महिनाभरात बाटल्यांची बुचं, एक चमचा आणि कोंबडी-पिल्लांचं चित्र असलेलं एक नाणं निघालं. त्या कोंबडीपायी तो असा नाचला की मी लसणाचं बोललेच नाही. वर्षभर कॉम्प्युटरपुढे बसून पोरगं वाळून गेलं होतं गं.

मग शेजारची मॉरीन (ऐंशीची आहे) कुंपणावरून म्हणाली, माझाही वाफा बघ. झाली का पंचाईत! कारण ऑगस्टात वास्तुशांत केली तेव्हा भटजी फोनवरून म्हणाले, वास्तुपुरुष आग्नेयेला पुरा. आमच्या आग्नेयेला सगळं काँक्रीट! मग कुंपणाखालून हात घातला आणि वीतभर पलीकडे, मॉरीनच्या गुलाबाखाली पुरला. तू सांगलीत घडवून दिलेला चांदीचाच, वर आपल्या आबांचे दोन ढब्बू पैसे. कुणाला बोलले नाही. वीतभरानं काय होतंय?

यंत्र नेमकं तिथंच केकाटलं.

"आई, हे हजार वर्षांचं असणार!" शैलेंद्र ओरडला आणि संग्रहालयाला पत्र लिहायला धावला. परवान्याशिवाय जुनं काही उकरणं इथं गुन्हा आहे, असं रेवा ओरडतेय, हा ऐकेना. तिकडे मातीत पालथी घातलेली बाहुली बघून मॉरीन छातीवर क्रूस काढतेय, तिच्यावर कुणी करणी केली म्हणून. शेवटी म्हटलं, "माझं आहे ते. मीच पुरलंय."

शैलेंद्रचं तोंड बघवेना. मॉरीननं रेवाला विचारलं, यानं काय होतं? घर राखतो, म्हटलं. कुणाचं? ज्याच्या जमिनीत असेल त्याचं. म्हातारी हसायलाच लागली. लेकीच्या लग्नात पाऊस नको म्हणून तिनंही आदल्या रात्री बाळ येशूची मूर्ती कुंपणाखाली ठेवली होती म्हणे. "ग्रँड! मग ठेव परत तिथंच. हिवाळाभर मला साधी सर्दी झाली नाही." पुरला परत, पालथा.

शैलेंद्रनं यंत्र प्रेसमध्ये (कपाटाला इथं प्रेस म्हणतात) कोंबलं नि पुन्हा कॉम्प्युटरपुढे. जेवतो तेही तिथंच. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

पोरांना आशीर्वाद.

तुझी लता

ता. क. आमचं घर आता राखणदाराविना आहे. दुसरा वास्तुपुरुष घडवून पाठव. आणि कुंडीत चालतो का, ते भटजींना विचार.

ता. क. दुसरा. खरं काम हे. मॉरीननं नवऱ्याच्या डब्यातली कोंबडीची नऊ नाणी दिलीत. काल लसणात पुरली, वीत-वीत अंतरानं. तुला पत्र पोचायला तीन आठवडे लागतात, म्हणून माझं खुरपं पाडव्याला हरवणार आहे. (हरवलेलं खुरपं यंत्रानं शोधायला परवाना लागत नाही.) शैलेंद्रचा फोन येईल. 'मावशी, नऊ!' म्हणाला की जोरात 'अगंबाई!' म्हण. लसूण या खेपेलाही जाणार. जाऊ दे.