शेपटीची खीळ

तेवढ्यात नत्थुजींनी विमानाची शेपूट दोन्ही हातांनी धरली आणि चाक हलवून पाहावे तशी हलवली. उद्धवराव, साष्टांग नमस्कार राहिला. तो इथे घ्यावा. तुमचा खोकला, अमरावतीची थंडी आणि कोर्टातली तारीख, तिन्ही आटोक्यात असतील. आम्ही अकोल्यात खुशाल आहोत. तुमची बहीण कुंदा तर इतकी खुशाल आहे की हे घडत असताना ती विमानाच्या पुढच्या खुर्चीत, नऊवारीचा काष्टा आवळून आणि अंबाड्यावर कातडी टोपी चढवून बसली होती.

मुंबईचे एक वैमानिक तीन दिवस इथे लोकांना हवेत फिरवत आहेत. विमान कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाशेजारच्या मोकळ्या रानात उतरते. नत्थुजी त्या जिनातले फिटर, मूळचे चांदूर रेल्वेकडचे शेतकरी. गर्दी आवरायला त्यांना नेमले होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून गर्दीला यंत्र समजावून देणे माझे काम आहे असे मला वाटले (दुसऱ्या कोणाला वाटले नव्हते). उडण्यापूर्वी हे वैमानिक साहेब विमानाभोवती फेरी घालतात, पंख दाबतात, तारा ओढतात, हे सांगून मी म्हणालो की आता यात दोष उरणे शक्य नाही. नेमकी तेव्हा ती शेपूट हलली. मी म्हणालो, नत्थुजी, हे विमान आहे, बैलगाडी नाही.

"मले मालूम हाये, मास्तर," ते म्हणाले. "बैलगाडी वरून पडत नाई."

लोक हसले. कोणाकडे पाहून, ते लिहीत नाही. साहेबही हसले आणि म्हणाले, शेपटीचे सुकाणू थोडे ढिले असतेच.

"असंन. पन कालच्यापेक्षा आज जास्त काहून?"

इंजिन तापवताना शेपूट उचलली जाऊ नये म्हणून दोन माणसे तिच्यावर ओणवतात. काल त्या दोघांत नत्थुजी होते. तेवढ्या पाच मिनिटांत या माणसाच्या हाताने ढिलाई किती आहे ते लक्षात ठेवले होते. (मीही तिथेच होतो. मी डोळ्यांत धूळ जाऊ दिली नाही.) जिनात रोज सकाळी पट्टा चढण्याआधी ते प्रत्येक दांडा असाच हलवून पाहतात, आणि काल तो किती हलला होता हे त्यांना विचारावे लागत नाही.

साहेबांनी सुकाणूच्या बिजागरीतली खीळ काढली, पुसली. चकचकीत होती. ते ती परत घालणार, तोच नत्थुजी म्हणाले, "डोयानं नोका पाहू, सायेब. नखानं पाहा."

नख मध्यावर अडकले. तिथे पोलाद निम्मे झिजले होते. साहेबांनी टोपी काढली. वाकून केलेले नमस्कार मी पुष्कळ पाहिले आहेत. ताठ उभे राहून केलेला इतका खरा नमस्कार पाहिला नव्हता.

साहेबांच्या पेटीत नवी खीळ होती, पण बिजागरीचे भोकही मोठे झाले होते. नत्थुजी त्यात बसवायला जिनाच्या लेथवर पितळेची नळी कातू लागले. मी कुंदाला म्हणालो, आता उतर. ती म्हणाली, "मी उतरले की किसनराव वकील बसतील. ते सकाळपासून रांगेत माझ्यामागे उभे आहेत." मग दिवसभर ती वरच बसून राहिली. शेंदूरजनाघाटची चार संत्री तिने तिथेच खाल्ली आणि साले माझ्या हातात दिली. पाचला नळी बसली, पण ऊन उतरले होते. उड्डाण उद्यावर गेले.

ता. क. एवढे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. बायकांनी यंत्रात बसू नये, असे तुम्ही दिवाळीत बजावले होते. तरी कुंदाला परवानगी द्यावी. विमान सकाळी सातला उडेल. पत्र तुम्हाला दुपारी मिळेल.

पुन्हा ता. क. पत्र टाकायचे राहिले, म्हणून सकाळचे लिहितो. कुंदा साडेसहालाच खुर्चीत होती. नत्थुजी म्हणाले, "बाई, उतरा. माह्या हातचं काम हाये, पहिले मी बसतो." काल कोणाचेही न ऐकलेली तुमची बहीण मुकाट्याने उतरली. नत्थुजी साहेबांबरोबर आठ मिनिटे वर होते. खाली आल्यावर तिला म्हणाले, "बसा आता." सात वाजून वीस मिनिटांनी ती उडाली.