ब्रेकची दोन बोटं

६ जाने., सोम.
नवा पेशंट. बेर्नाबे, स्पॅनिश, वय चौतीस, व्यवसाय मोटरसायकल रेसिंग. एके काळी जागतिक स्पर्धेच्या लहान वर्गात दोनदा पहिल्या तिघांत. आता इथल्या एका अरब शेठच्या टीमसाठी चालवतो. डिसेंबरात सरावात पडला, उजव्या मनगटात प्लेट. तर्जनी आणि मधलं बोट बधिर. "पुढचा ब्रेक याच दोघांचा," म्हणाला, हसत. मला हसू आलं नाही. फिजिओ म्हणून इथं आखातात, या हॉस्पिटलात बारा वर्षं झाली, असं हसणं ओळखता येतं.

१६ जाने., गुरु.
पकड उजवी १७ किलो, डावी ४८. डोळे मिटायला लावून टाचणी घेतली.
"टोचलं?"
"हो."
मी टोचलंच नव्हतं.

१९ जाने., रवि.
टीमचा मॅनेजर खजुराचा डबा घेऊन आला. "मॅडम, फिट लिहा. शुक्रवारी रेस आहे." अनफिट लिहिलं. सही, शिक्का. बेर्नाबेनं वाचून प्रत घेतली, मिळाल्याची सही केली. मग हळूच, "यंदा बसून राहिलो तर पुढच्या वर्षी मला कोण घेणार?"
डबा परत दिला.

२४ जाने., शुक्र.
कुठल्याशा क्लिनिकचा फिट कागद आणून रेसमध्ये उतरला. चौथा आला. मला फोटो, वर अंगठा. सुहास म्हणाला, "तू उगाच जास्त घाबरतेस." नवराच असं म्हणतो तर… क्षणभर वाटलं, पडला असता तर बरं. लिहून ठेवते, कारण वाटलं होतं.

७ फेब्रु., शुक्र.
पडला. आजच्या रेसमध्ये पहिल्याच वळणावर ब्रेक उशिरा लागला, पुढच्यावर जाऊन आदळला. बेर्नाबेला खरचटलंय फक्त. पुढचा कुवेती, बावीस वर्षांचा, कमरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं. बरोबर ठरल्याचं समाधान म्हणतात ते हेच असेल तर नको मला.

११ फेब्रु., मंगळ.
अपघाताची चौकशी बसलीय. बेर्नाबे ओपीडीत आला, खुर्चीवर बसलाच नाही.
"तुझा रिपोर्ट फाइलमधून काढ. मला माहीत होतं हे कळलं तर लायसन्स कायमचं जाईल. मला दुसरं काही येत नाही."
"आणि तो पोरगा?"
"मी रोज जातो त्याच्या वॉर्डबाहेर. आत जाता येत नाही."
आमच्या विभागप्रमुख बाईही तेच म्हणाल्या, शब्द वेगळे. हॉस्पिटलचं नाव नको यायला. एक कागद "सापडला नाही" तर कोण विचारतंय. गुरुवारी चौकशीवाले फाइल न्यायला येणार. सुहास म्हणतो व्हिसाचा विचार कर. करतेच आहे.

१२ फेब्रु., बुध.
वॉर्डातून रेफरल, माझ्याच नावावर. तोच, बावीस वर्षांचा. पाय जेमतेम चार बोटं उचलला, घामाघूम. त्याची आई पलंगाशी उभी. तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "स्पॅनिशवाल्याचे ब्रेक फेल झाले म्हणतात. त्याचा काय दोष, नाही का?"
मी पायाखाली उशी सरकवली. म्हटलं, "आज एवढंच. उद्या आणखी थोडं."
उद्या गुरुवार. फाइल अजून माझ्या कपाटात आहे, तो रिपोर्टही तिच्यातच. किल्ली पर्समध्ये.