यादीत गुरम्मा

३ जून, मंगळवार. नांदेड

आणखी एक मुलाखत झाली! टेबलामागे तिघं. एकाने माझी प्रमाणपत्रं पत्ते पिसावेत तशी पिसली. "राष्ट्रीय खेळलात? वा वा!" आणि मग नेहमीचंच — "मॅडम, मानधनाचं सध्या काही सांगता येत नाही. पण तुमचा फोटो शाळेत लावू." फोटो काय, मेल्यावर लावतातच.

खो-खो शिकवणारीला पोट नसतं, नुसती शिट्टी असते, असंच सगळ्यांना वाटतं. वय तेहतीस. सहा वर्षं 'सेवाभावी प्रशिक्षक'. पुरे झाला सेवाभाव. मला पगार हवाय. लिहूनच टाकलं.

४ जून

आई: "बी.एड. केली असतीस तर आज…" पुढचं वाक्य मीच पूर्ण केलं.

१४ जून, शनिवार. लातूर

पहाटेची एसटी. गुडघा सुजला. वसतिगृह असलेली मोठी शाळा. सचिव गुरुबसप्पा सर बोलायला गोड. मैदान दाखवायच्या आधी निकालाचा फलक दाखवला. लातुरात पाण्याच्या आधी टक्केवारी विचारतात!

"आमच्याकडं खेळबी मार्कासाठीच असतोय, मॅडम. टीम जिल्ह्याच्या वर गेली की दहावीच्या पोरींना वाढीव गुण मिळतात. तेवढं बघा."

पगार सांगितला. मी दोनदा विचारलं — दर महिन्याला? "दर महिन्याला!" एक वर्षाचा करार. टीम वर गेली तर पुढे कायम.

मी हो म्हणाले. परतीच्या गाडीत उभ्या उभ्या झोप लागली.

८ जुलै

मैदान म्हणजे शाळेच्या बसगाड्या लावायची जागा. त्यामुळे सराव सकाळी, गाड्या यायच्या आत. बारा मुली मिळाल्यात. अकरा दहावीच्या, त्यांना गुण हवेत. खेळ हवाय एकटीला — गुरम्मा. नववी. निलंग्याकडच्या खेड्यातली, वसतिगृहात राहते.

आज खांबाजवळ असा सूर मारला की मी शिट्टी वाजवायची विसरले. कोपर सोललं.

"लागलं का गं?"

"न्हाई मॅडम. परत देऊ का खो?"

सहा वर्षांत अशी पोर पाहिली नाही. आणि दिसली तीही पगार चालू असताना!

१० जुलै

पहिला पगार. आईला फोन केला. ती रडली. मग मीही.

२१ ऑगस्ट

जिल्हा स्पर्धेच्या साइटवर बारा जणींची कच्ची यादी भरून ठेवली. २९ तारखेपर्यंत बदल करता येतात. मग बंद, जे असेल ते कायम. एका फॉर्मला दोन तास लागले. खांद्यात चमक भरली.

२६ ऑगस्ट

सरांनी बोलावलं. चहाही मागवला, तेव्हाच कळायला हवं होतं. डॉक्टरांची ऋतुजा, दहावी अ, तिचं नाव यादीत घालायचं. ऋतुजा मैदानावर एकदाच आली होती, तेही डबा विसरला म्हणून.

म्हटलं, पळणार कशी?

"पळायचं कुठं हाय? नुसतं नाव. खेळतील बाकीच्या."

नावं बाराच चालतात. मग काढू कुणाला? दहावीच्या अकरा जणींचे आईबाप शाळेत येऊन बसतील. सर यादीतल्या गुरम्माच्या नावावर बोट ठेवून म्हणाले, "ही नववीची हाय की. पुढच्या वर्षी घ्या."

तिच्याशिवाय टीम वर जायची नाही, असं मी म्हणाले. हळूच म्हणाले. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

२९ ऑगस्ट

नाव काढलं. गुरम्माचं काढलं, ऋतुजाचं घातलं. साइट गोल गोल फिरत होती. शेवटी बटण दाबून मोबाइल पालथा ठेवला. पोरीला सांगायची हिंमत झाली नाही. उद्या सांगेन.

नोकरी राहील. एवढंच बघितलं मी. एवढंच.

३० ऑगस्ट

साइटने बदल घेतलाच नाही! रात्री बारानंतर कच्ची यादीच कायम झाली. यादीत गुरम्मा आहे, ऋतुजा नाही.

सरांचा आवाज मधल्या सुट्टीत साऱ्या वरांड्याने ऐकला — "सांगूनसुद्धा नाव काढलं न्हाई! लई तत्त्वाच्या हाव का तुम्ही?" मी सांगत होते, सर, काढलं होतं, साइट अडकली. "सगळे साइटचंच नाव सांगायलेत!"

आयुष्यात एकदा नमले, तेही कुणाला पटेना.

२ सप्टेंबर

उद्यापासून येऊ नका, सर म्हणाले. करारात तशी सोय आहे म्हणे. असेल. मी वाचला कुठे होता?

सामान भरत होते तर पोरी दारात. गुरम्माने वाकून पायाला हात लावला. "मॅडम, माझ्यापाई तुमची नोकरी गेली." बाकीच्या रडायला लागल्या. खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात एकीने गुलाबाचं फूल हातात दिलं, आणि मी ते घेतलं. लाज वाटते.

५ सप्टेंबर. नांदेड

आईने गरम भाकरी वाढली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

११ सप्टेंबर

लातूरहून पोरींचा फोन. जिल्हा स्पर्धेत गुरम्माने चार गडी बाद केले तरी टीम हरली. दिवसभर पडून होते.

१७ सप्टेंबर

गुरम्माच्या वडिलांचा फोन — धोंडप्पा, गावच्या शाळा समितीवर आहेत. "बाई, गावातल्या पोरींला खो-खो शिकवायला माणूस बघायलोय. पगार ठरलाय, खोली देतो. पोरीचं नाव काढलं न्हाई, नोकरी घालवली तुम्ही. तुमच्यासारखंच माणूस पायजे आमाला."

साइटचं मी काही सांगितलं नाही. मग विचारलं, "कधीपासून येऊ?"