झोपेत गेली

११ फेब्रुवारी
हेल्मीने कादंबरी आणून दिली. तीस वर्षांच्या शेजारात तिने वेलचीच्या पावाखेरीज काही दिलं नव्हतं! "आपल्याच फिनिश लोकांची आहे. इथं हॅनकॉक गावच्या तांब्याच्या खाणीत कामाला आलेल्यांची, सव्वाशे वर्षांपूर्वीची. पण आयली, त्यात एक पोर जातं हं. नको वाटलं तर परत दे."
परत नाही दिली.

१३ फेब्रुवारी
कादंबरीत घटसर्पाची साथ आलीय. सात वर्षांची हिल्या आजारी, बाप उशाशी. आईला तान्ह्यासकट दुसऱ्या घरी हलवलंय. वाचताना रडू आवरेना. रेइनो बुटांचा बर्फ झटकत म्हणाला, "खोट्या माणसांसाठी खरं रडू? धन्य आहे बाई तुझी!"
आमची लेक सिर्का नऊ वर्षांची होऊन गेली. बावीस वर्षं झाली. नवरा असूनही रेइनोसमोर मी तिच्यासाठी एकदाही रडले नाही. तिचं नावच घरात निघत नाही.

१४ फेब्रुवारी
मागच्या खोलीत कुणी खोकलं. हिल्या की सिर्का — उठून बघायची हिंमत झाली नाही.

१७ फेब्रुवारी
हिल्या गेली. तडफडत, आईला हाका मारत. आणि बाप आईला जाऊन सांगतो — झोपेत गेली! ती बिचारी देवाचे आभार मानते.
पुस्तक मिटून बसून राहिले. त्या बाईची फार दया आली. माझं नशीब निदान तेवढं तरी बरं. सिर्का खरंच झोपेत गेली. रेइनोनेच मला हॉस्पिटलातून घरी पिटाळलं होतं — "अंघोळ करून ये, मी आहे ना." परत आले तोवर संपलं होतं.

१९ फेब्रुवारी
पुस्तक जागेवर नाही. शोधत गॅरेजमध्ये गेले, तर रेइनो गाडीत बसून वाचतोय! मला बघितलं. काच खाली केली नाही.

२० फेब्रुवारी
जेवला नाही. "पोट बरं नाही." इतकंच.

२१ फेब्रुवारी
पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, "त्या बापाने असं सांगायला नको होतं."
"का? बायकोवर माया होती म्हणून सांगितलं."
मग — "आयली, मीही तुला तेच सांगितलं."

२२ फेब्रुवारी
सिर्का जागी होती. "आई कुठंय?" विचारत होती. रेइनो म्हणाला होता, "गाडी लावून येतेच आहे."
आज मी एकच विचारलं — तिला खरं वाटलं का?
"वाटलं. दाराकडे बघत राहिली."