चौसष्ट सेकंदांची झोप

३ मार्च
संकल्प: बाबांसाठी दाराचा अलार्म. दार उघडलं की बझर वाजणार. गेल्या आठवड्यात बाबा दोनदा 'ऑफिसला उशीर होतोय' म्हणून निघून गेले. रिटायर होऊन एकोणीस वर्षं झाली. कुलूप लावलं तर दारावर धडका मारतात. मेहुणा म्हणाला, बाजारात तयार मिळतो की. उचलली जीभ लावली टाळ्याला! माझ्या हातच्या कोडची सर त्याला येणार आहे का?

६ मार्च, सायं. ५
वाजला! चिप दर सेकंदाला दार तपासते. बाबा दचकले, मग मला विचारलं, शाळा सुटली का? ही मात्र कितीतरी दिवसांनी हसली. रजा संपवून सोमवारपासून कामावर जाणार. म्हणाली, आता सगळं तुझ्या यंत्राच्या भरवशावर. शिवाय मी घरूनच काम करतो. काळजी कसली?

११ मार्च
बॅटरी पाच दिवसांत संपली. लाज वाटली. हौशी मंडळींच्या ऑनलाइन फोरमवर एकाचा अलार्म दोन सेलवर चार वर्षं चालतोय. माझं टार्गेट: पाच.

१४ मार्च
कोड दोन हजार बाइटवरून चारशे बारावर आणला. चिपमध्ये बत्तीस हजारांची जागा आहे. आहे म्हणून काय उधळायची? बॅटरी संपत आल्याची सूचना देणारा भागही उडवला. संपणारच नाही, तर सूचना कशाला?

१७ मार्च
चिपला झोपायला शिकवलं. आठ सेकंद झोप, क्षणभर जाग, दार बघ, परत झोप. ही म्हणाली, आठ सेकंद जास्त नाहीत का? झोपेत बॅटरीचे किती मायक्रोअँपिअर वाचतात, ते हिला कळत नाही.

२१ मार्च
झोप चौसष्ट सेकंदांवर नेली. बॅटरी साडेपाच वर्षं जाणार! टेस्ट: दार सताड उघडून उभा राहिलो. चाळिसाव्या सेकंदाला वाजला. पास. ही म्हणाली, पण बाबा बाहेर पडले की लगेच दार ओढून घेतात. मी म्हटलं, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. म्हणाली, अति तिथे माती. म्हणी पाठ असलेल्या माणसाशी वाद घालू नये.

२४ मार्च
बाबा खालच्या मजल्यावर जिन्यात बसलेले सापडले. जिना म्हणजे घरच. चिप जागी झाली तेव्हा दार बंद होतं, म्हणून वाजली नाही. बंद दाराला वाजली असती तर ती चूक. कोड बरोबर आहे. हिला सांगितलं नाही. उगाच पुन्हा रजा टाकेल.

२६ मार्च
बाबा सकाळपासून बूट घालून बसलेत. पॉलिश केलेले. बस किती वाजता, तीनदा विचारलं. मी म्हटलं, बाबा, आज सुट्टी. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, बरं साहेब. मन कशात तरी रमवावं म्हणून आणखी सहा बाइट वाचवले.

२७ मार्च, दुपारी १२.२०
तीनशे अठ्ठ्याण्णव! चारशेच्या आत! फोरमवर टाकलं, अकरा जणांनी वाहवा केली. बाबांना सांगायला त्यांच्या खोलीत गेलो. नाहीत. बाथरूममध्ये नाहीत. जिन्यात नाहीत. दार व्यवस्थित ओढून घेतलेलं.

२७ मार्च, सायं. ६.४०
बस स्टॉप, जुनं ऑफिस, दवाखाना, सगळं पालथं घातलं. पोलिसांना फोटो दिला. ही आली, पर्स टाकली आणि एकेका नातेवाइकाला फोन लावू लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

चौसष्टचा एक केला. चार सेकंदांचं काम. आता दार उघडलं रे उघडलं की वाजतो. शेजारी चौकशीला येतात, वाजतो. मेहुणा शोधून हात हलवत परत येतो, वाजतो. दर वेळी मी धावत जातो. ही म्हणाली, बंद कर ते आधी. नाही केलं. बाबा आले तर कळायला नको?